‘खंबीर हो’ या वचनाचा उरलेला अर्धा भाग

तापीकाठच्या एका गावातून एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या पतीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून गेल्या ८ महिन्यांपासून त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी धुळ्याला न्यावे लागते. यंदा कापूस हातचा गेला, सोसायटीचे कर्ज थकले, आणि दोन मुले शाळेत आहेत. मंडळीतील, म्हणजे त्यांच्या चर्चमधील, वडीलजन घरी आले, त्यांनी यहोशवाच्या पुस्तकातील ‘खंबीर हो, हिंमत धर’ हे वचन वाचले आणि जाताना सांगितले की तुमचा विश्वास कमी पडतो आहे, म्हणून बरे होणे लांबले आहे. गावातील भाऊबंद म्हणतात की कुळाचे देव सोडले त्याचे हे फळ आहे. रात्री झोप लागत नाही, प्रार्थनेला बसल्यावर शब्द सुचत नाहीत, आणि मनात सतत भीती असते. शेवटी त्यांनी विचारले आहे : मी ख्रिस्ती असूनही इतकी घाबरते, म्हणजे माझा विश्वास खोटा आहे का, आणि धैर्य आणू तरी कुठून?

ताई, मी धुळे आणि नंदुरबार या दोन जिल्ह्यांत २७ वर्षे पाळक म्हणून सेवा केली आहे, आणि त्यातील पुष्कळसा वेळ रुग्णालयांच्या व्हरांड्यांत नातेवाइकांजवळ बसण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुम्ही एका वाक्यात दोन प्रश्न विचारले आहेत आणि पहिल्याची गाठ सुटल्याशिवाय दुसऱ्याचे उत्तर हाती येत नाही. भीती वाटणे हा विश्वासाविरुद्धचा गुन्हा आहे असे एकदा मनाने धरले की माणसाची सारी शक्ती ती भीती लपवण्यात खर्च होते. मंडळीत हसरा चेहरा, नवऱ्यासमोर हसरा चेहरा, मुलांसमोर हसरा चेहरा, आणि मग रात्री देवासमोरही तोच चेहरा घेऊन बसावे लागते. अशा वेळी प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत यात नवल नाही, कारण जे खरोखर मनात आहे ते बोलण्याची मनाई आपण स्वतःवरच घातलेली असते.

माझ्या उत्तरातील काही भाग तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती परिस्थिती मला दुरून दिसत नाही. तुमच्या पतीचे वय काय, मूत्रपिंड प्रत्यारोपणाबद्दल डॉक्टरांचे मत काय, घरात हाताशी माणसे किती, कर्ज फक्त सोसायटीचे आहे की सावकाराचेही आहे, मंडळी गावातच आहे की दोन बस बदलून जावे लागते, या सगळ्यांनी सल्ला बदलतो. आलेले वडीलजन मनाने कठोर आहेत की स्वतःच गांगरलेले आहेत हेही मला ठाऊक नाही. बहुतेक वेळा मी दुसरा प्रकार पाहिला आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसल्यावर काय बोलावे हे न सुचल्यामुळे माणूस पाठ असलेले एखादे वचन पुढे करतो आणि सुटल्यासारखा बाहेर पडतो.

एक गोष्ट मात्र कशावरही अवलंबून नाही, म्हणून ती आधीच सांगतो. डायलिसिसची पाळी कोणाच्याही सांगण्यावरून चुकवू नका. विश्वास असेल तर उपचार थांबवून दाखवा, असे सुचवणारी माणसे मला आपल्या भागात भेटली आहेत, आणि त्यांचे ऐकणाऱ्या घरांतील अंत्यविधीही मी केले आहेत. पाळी चुकली की अंगात पाणी साठते, ते फुप्फुसांत उतरते, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदय अचानक बंद पडू शकते. पवित्र शास्त्रात हिज्कीया राजा मरणाला टेकला असताना त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली आणि आणखी १५ वर्षांचे आयुष्य देण्याचे वचन दिले. त्यानंतर यशया संदेष्ट्याने काय केले, तर अंजिरांचे पोटीस आणवून गळवावर बांधायला लावले. हे दुसऱ्या राजांच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. वचन मिळाल्यानंतरही औषध लावले गेले आणि त्यामुळे देवाचा कोठेही अवमान झाला नाही. तसेच, आजाऱ्याला भेटायला येणारे आपल्याकडे केळी आणि शहाळी घेऊन येतात. दोन्हींत पोटॅशियम भरपूर असते, म्हणून डायलिसिसच्या रुग्णाला ती घातक ठरू शकतात. आलेल्याचा मान राखून ती मुलांना द्या, आणि पाणी, मीठ व फळे यांचे प्रमाण डॉक्टरांनी सांगितले असेल तेच ठेवा.

आता ‘खंबीर हो’ या वचनाकडे येतो, कारण तुमची जखम तेथे आहे. वडीलजनांनी वचन चुकीचे वाचले नाही, पण त्यांनी ते अर्धे वाचले. यहोशवाच्या पहिल्या अध्यायात हे शब्द देव तीनदा बोलतो, आणि ते बोलण्याचे कारण अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे : इस्राएल लोकांचा पुढारी मोशे मरण पावला आहे. ज्याच्या सावलीत यहोशवा ४० वर्षे चालला तो माणूस गेला आहे, पुढे नदी आहे आणि पाठीशी आख्खे लोक आहेत. देव त्याला निर्भय समजून हे बोलत नाही, तो भ्यालेला आहे म्हणूनच त्याला हे बोलावे लागते. आणि प्रत्येक वेळी त्या आज्ञेला आधार जोडलेला आहे. पाचव्या ओवीत देव म्हणतो की जसा मी मोशेबरोबर होतो तसा तुझ्याबरोबर असेन, आणि नवव्या ओवीत हिंमत धरायला सांगताना पुन्हा तेच कारण देतो की तू जाशील तेथे मी तुझ्याबरोबर आहे.

हा जोड मी पवित्र शास्त्रात जागोजागी पाहिला आहे. जळत्या झुडपासमोर मोशे म्हणतो की मिसरचा राजा फारो याच्याकडे जाणारा मी कोण, तेव्हा देव त्याच्या योग्यतेविषयी एक शब्दही बोलत नाही, इतकेच सांगतो की मी तुझ्याबरोबर असेन. मिद्यानी शत्रूंच्या भयाने द्राक्षकुंडात लपून गहू झोडणाऱ्या गिदोनाला तेच उत्तर मिळते. मला बोलता येत नाही, मी लहान आहे, असे म्हणणाऱ्या यिर्मयालाही तेच. करिंथ शहरात प्रेषित पौलाला रात्री दृष्टान्त होतो तेव्हा ‘भिऊ नको’ याच्या मागोमाग ‘मी तुझ्याबरोबर आहे’ हे येते. आपल्या अहिराणीत घाबरलेल्या पोराला आजी जवळ घेते तेव्हा ती त्याला धैर्याची व्याख्या सांगत नाही. ती म्हणते, ‘मी शे ना.’ तीन शब्द, आणि पोराचे हुंदके थांबतात. देवाचे ‘भिऊ नको’ हे नेमके त्या जातीचे बोलणे आहे. ते शिक्षकाने छडी उगारून दिलेल्या आज्ञेसारखे ऐकले की त्याचा अर्थच उलटा होतो.

त्याच अध्यायाच्या अगदी शेवटी आणखी एक गोष्ट आहे, जी मला पाळक झाल्यावर कितीतरी वर्षांनी दिसली. अठराव्या ओवीत ‘खंबीर हो, हिंमत धर’ हे शब्द चौथ्यांदा येतात, आणि या वेळी ते देव बोलत नाही, लोक बोलतात. पण ते बोलण्याआधी त्या लोकांनी यहोशवाला शब्द दिला आहे की तू सांगशील ते आम्ही करू आणि तू पाठवशील तेथे आम्ही जाऊ. म्हणजे ज्यांनी बरोबर चालण्याची तयारी दाखवली त्यांनाच हे शब्द उच्चारण्याचा अधिकार आला. तुमच्या घरी आलेल्यांनी पुढच्या पाळीला कोण बरोबर येणार हे ठरवून मग हे वचन वाचले असते, तर ते तुम्हाला वेगळे ऐकू आले असते. यात तुमच्या विश्वासाचे काही उणे निघत नाही; वचनाचा उरलेला अर्धा भाग तुमच्यापर्यंत पोचवण्याचे काम मंडळीकडून राहून गेले आहे.

भीती आणि विश्वास एकाच अंगात राहू शकतात का, या प्रश्नासाठी मी तुम्हाला हबक्कूक संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायाकडे नेईन. शेतकऱ्यांच्या घरी आपण त्याच्या सतराव्या आणि अठराव्या ओव्या वाचतो : अंजीर फुलला नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे उत्पन्न बुडाले, शेतात अन्न नाही, मेंढवाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. एका वर्षी बोंडअळीने कापूस गेला तेव्हा शिंदखेडा तालुक्यातील एका घरी आम्ही ही यादी आपल्या शब्दांत म्हटली होती. कापसाला बोंड धरले नाही, दादर ज्वारी वाळून गेली, विहिरीने तळ दाखवला, बैल विकावा लागला, असे घरधनी एकेक सांगत गेला आणि आम्ही ऐकत गेलो. ‘तरीही’ या शब्दाशी आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, हे मला आज म्हणवत नाही. मी त्याला म्हटले, मग एक ओवी मागे जाऊन वाचू. सोळाव्या ओवीत संदेष्टा सांगतो की हे सारे ऐकून माझे काळीज थरथरले, ओठ कापले, हाडे सडल्यासारखी झाली आणि पाय लटपटले. त्या घरधन्याने मान हलवली आणि म्हणाला, हे मात्र माझे आहे. थरथरणारा माणूस आणि ‘तरीही’ म्हणणारा माणूस एकच आहे, आणि दोहोंच्या मध्ये जेमतेम एक ओवी आहे. पाय लटपटायचे थांबल्यावर मगच त्याने ‘तरीही’ म्हटले असे तेथे कोठेही लिहिलेले नाही.

पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आरंभी मोकळेपणाने लिहितो की आशिया प्रांतात आम्हांवर इतके ओझे आले की जगण्याचीही आशा उरली नव्हती. आणि स्वतः प्रभू येशू वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत आपल्या तिघा शिष्यांना सांगतो की माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे, तुम्ही येथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा. ज्याच्यावर आपण विश्वास ठेवतो त्यानेच भीतीच्या रात्री माणसांची सोबत मागितली, दुःखाचा प्याला टळावा म्हणून एकच प्रार्थना तीनदा केली, आणि ती माणसे झोपी गेली तेव्हा त्याला वाईट वाटले. ताई, जी गोष्ट प्रभूला लागली ती तुम्हाला लागली म्हणून तुमचा विश्वास खोटा ठरत नाही.

राहिला दोषारोप. तुमच्या पत्रात मला एक विलक्षण गोष्ट दिसली, की मंडळीतील माणसे आणि भाऊबंद वेगवेगळ्या बाजूंनी बोलत असली तरी एकच बोलत आहेत. एकांच्या मते विश्वास कमी पडला, दुसऱ्यांच्या मते देव सोडले. पण दोघांचाही हिशेब असा की दुःख आले आहे म्हणजे कोणाची तरी चूक असलीच पाहिजे. नीतिमान असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांचा हिशेब हाच होता. ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ मुकाट बसून राहिले, आणि मला नेहमी वाटते की त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेवढेच होते. त्यानंतर ते बोलू लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाने त्यांनाच सांगितले की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाही. देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाचे बोलणे योग्य ठरले आणि देवाची वकिली करणाऱ्यांचे चुकीचे ठरले. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, तेव्हा प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली त्यांच्याविषयीही त्याने विचारले की ती यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय, आणि उत्तर स्वतःच दिले की नाही.

भाऊबंदांशी मात्र या विषयावर वाद घालू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या अनुभवात, टोचून बोलणारी चुलतसासूच संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा झाकून आणून देते, आणि रात्री अपरात्री गाडी काढणारा पुतण्या त्याच घरातला असतो. आपल्याकडे दुःखाच्या घरी शेजारून भाकरी येते, ती घेताना कोणी धर्म विचारत नाही. ती भाकरी कृतज्ञतेने घ्या. तिच्याबरोबर आलेला शब्द लागला तरी त्याचे उत्तर त्याच वेळी देण्याची गरज नाही.

हे सर्व मी शहाणपणाने सुरुवातीपासून ओळखले होते असे नाही. सेवेच्या दुसऱ्याच वर्षी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वस्तीत सिकलसेलच्या आजाराने एक मुलगा गेला. मी तेव्हा तरुण होतो, अंगणात उभा राहिलो आणि रोमकरांस पत्रातील आठव्या अध्यायातील वचन सांगू लागलो, की देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. त्या मुलाची आई उठली आणि आत निघून गेली. मंडळीतील एक वृद्ध बाई माझ्याबरोबर आली होती. तिने मला काही म्हटले नाही. ती आत गेली, त्या आईच्या शेजारी बसली, कोपऱ्यातले सूप ओढून घेतले आणि घरातील डाळ निवडत बसली. ती संध्याकाळपर्यंत तेथे होती. वर्षभराने त्या आईने मला सांगितले, की त्या दिवशी तुम्ही काय बोललात ते मला आठवत नाही, पण आजी डाळ निवडत होती ते आठवते. ते वचन आजही मला खरे वाटते. पण पौलाने ते कण्हण्याविषयी लिहिल्यानंतर लिहिले आहे, आणि त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात त्याने शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा असे सांगितले आहे. तो क्रम मी त्या दिवशी मोडला, आणि तुमच्या घरीही तोच मोडला गेला असावा.

आता प्रार्थनेविषयी. शब्द सुचत नसतील तर उसने घ्या. स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे. तिच्यातील विलापाची स्तोत्रे आपण उपासनेत फारशी वाचत नाही, आणि माझ्या मते हे आपल्या मंडळ्यांचे मोठे नुकसान आहे, कारण स्तुतीची गाणी तेवढी शिकलेल्या माणसाला दुःखात देवाशी बोलण्याची भाषाच उरत नाही. तेराव्या स्तोत्रात ‘कोठवर?’ हा प्रश्न पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी समाधानाची एकही ओळ नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवले गेले. देवाला हे असे बोलता येते, आणि त्यालाच उद्देशून बोलले जाते, म्हणून तक्रार हीसुद्धा विश्वासाची कृती आहे. ज्याच्यावरचा विश्वास संपला त्याला कोणी रात्री दोन वाजता ‘कोठवर’ असे विचारत बसत नाही. लाजराच्या मरणानंतर मार्था आणि मरीया या दोघी बहिणींनी प्रभूला तोंडावर एकच वाक्य ऐकवले, की तू येथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. त्याने दोघींपैकी एकीलाही विश्वास कमी आहे म्हणून बाजूला केले नाही. मरीयेला रडताना पाहून तो स्वतः रडला, आणि काही क्षणांनी आपण लाजराला मेलेल्यांतून उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला.

आणि उसने शब्दही तोंडात येत नसतील, तर त्या दिवसापुरते दुसऱ्यांना तुमच्यासाठी विश्वास ठेवू द्या. कफर्णहूमात चौघांनी पक्षाघात झालेल्या माणसाला उचलून आणले, छप्पर उस्तरले आणि खाट खाली सोडली. मार्क तेथे लिहितो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. खाटेवरचा माणूस त्या सबंध प्रसंगात एक शब्दही बोललेला नाही. मंडळी असते ती अशा दिवसांसाठी.

यावरून धैर्याच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे पुढे येते, पण ते आणखी व्यवहारात आणून सांगतो. आधी मनात धैर्य भरायचे आणि मग कामाला लागायचे, असा क्रम मी प्रत्यक्षात क्वचितच पाहिला आहे. एलीया संदेष्टा मरण मागत रानातल्या एका झुडपाखाली निजला तेव्हा देवदूताने त्याला बोध केला नाही. भाकर आणि पाणी उशाशी ठेवले, खाऊ दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले, आणि म्हटले की वाट तुला झेपणार नाही इतकी लांब आहे. पौलाला बंदिवान म्हणून रोमला घेऊन निघालेले गलबत वादळात सापडले, त्यावर २७६ माणसे होती आणि १४ दिवस कोणी धड जेवले नव्हते. गलबत फुटणार हे पौलाने त्यांना आधीच सांगितले होते. गलबत वाचेल असे खोटे आश्वासन त्याने दिले नाही. त्याने भाकर घेतली, सर्वांदेखत देवाचे आभार मानले आणि खाऊ लागला, तेव्हा बाकीच्यांना धीर आला आणि तेही जेवले. त्या रात्रीचे धैर्य हे एका जेवणाच्या रूपात आले.

म्हणून तुम्ही स्वतः वेळेवर जेवता का, हे मी आधी विचारीन. आजाऱ्याचे पथ्य सांभाळणारी बाई बहुधा उभ्याउभ्या उरलेसुरले खाते. धुळ्याला जाताना स्वतःचा डबा घ्या आणि डायलिसिस चालते त्या चार तासांत तो बसून खा. दुसरे, मंडळीला मोघम प्रार्थनाविनंती देऊ नका, नेमके काम सांगा. ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ असे सांगितले की सगळे आमेन म्हणतात आणि घरी जातात. ‘शुक्रवारच्या पाळीला एक माणूस बरोबर हवा आहे आणि त्या दिवशी मुलांना शाळेतून आणायचे आहे’ असे सांगितले की कोणीतरी हात वर करते. हे मागताना संकोच वाटेल, पण गेथशेमानेत प्रभूनेही नेमके काम सांगितले होते. वडीलजनांकडे हे तुम्हाला बोलवत नसेल तर भगिनी मंडळातील एखाद्या जाणत्या बाईला मध्ये घ्या. तुमच्या पाळकांनाही कळवा, कारण पुष्कळदा त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचलेलीच नसते.

पैशांबाबत लांबण लावत नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येते. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना शिधापत्रिका आणि ओळखपत्र दाखवून तुमच्या पतीची नोंद झाली आहे का हे याच आठवड्यात विचारा. सोसायटीच्या सचिवाला आजारपणाचे कागद दाखवून थकबाकीबद्दल स्वतः जाऊन बोला. टाळत राहिल्याने रक्कम कमी होत नाही आणि रात्रीची भीती मात्र वाढते. नव्या कर्जाच्या कागदावर, विशेषतः शेत गहाण टाकण्याच्या कागदावर, मुलांच्या मामाला किंवा विश्वासातील कोणाला दाखवल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका.

झोपेविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. काही आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, आपण नसतो तर बरे झाले असते असे वाटते, ही लक्षणे असतील तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. ते विश्वासाचे मोजमाप नव्हे. धुळ्याला जातच आहात तर तेथील डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांगा, किंवा १४४१६ या टेली-मानस नावाच्या मानसिक आरोग्य सेवेच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो निःशुल्क आहे आणि मराठीत बोलता येते. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर आजच कोणालातरी जवळ बसवून घ्या आणि आजच फोन करा.

तुम्ही विचारलेले नाही, पण पत्राच्या तळाशी असलेला प्रश्न मला ऐकू येतो : ते बरे होतील का? मला याचे उत्तर माहीत नाही, आणि ज्यांना ते निश्चित माहीत आहे असे सांगतात त्यांच्यापासून सावध राहा. बरे होण्यासाठी मी प्रार्थना करीन, आणि प्रत्यारोपणाचा मार्ग आहे का हे डॉक्टरांना विचारायलाही सांगेन. पौलाने शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, आणि माझी कृपा तुला पुरे आहे असे उत्तर मिळाले. पौलाचा विश्वास कमी होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही.

पंडिता रमाबाईंची आठवण मला अशा घरी नेहमी येते. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पतीला पटकीने नेले. वयाची पंचविशी गाठण्याआधी त्यांच्याजवळ उरली ती एक तान्ही मुलगी, मनोरमा. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुलीबाळींना त्यांनी आसरा दिला, आणि तीच मनोरमा आपल्यामागे हे काम पाहील अशी त्यांची आशा होती. १९२१ मध्ये मनोरमाही त्यांच्या आधी गेली. त्या वेळी साध्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्याचे त्यांचे काम चालू होते. ते काम पुरे करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. तरुणपणी मी ही हकीकत ‘पाहा, केवढे धैर्य’ अशी सांगत असे, आणि ऐकणाऱ्या दुःखी माणसांना ती ओझ्यासारखी वाटत असे. आता मी त्यात वेगळे पाहतो. मुलीच्या मरणानंतरचे ते काही महिने, त्या वृद्ध बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी करण्यासारखे एक काम हाताशी होते : पुढची ओवी. दुःख कमी झाले होते असे मी कोणाला सांगणार नाही.

तुमच्या हाताशी असलेले काम धुळ्याच्या पुढच्या पाळीचे आहे. पतीला यंत्रावर घेतल्यानंतर डबा उघडा, जेवा, आणि त्यांना जाग असेल तर तेरावे स्तोत्र दोघांपुरते ऐकू येईल इतक्या हळू आवाजात वाचा. त्याच्या सहा ओव्या आहेत. शेवटच्या दोनमध्ये स्तोत्रकर्ता भरवसा आणि गाणे यांविषयी बोलतो. त्या म्हणवल्या नाहीत तर तेथे थांबा, पुस्तक मिटा, आणि पुढच्या पाळीला पुन्हा पहिल्या ओवीपासून वाचा. तुमच्या तालुक्याचे नाव कळवलेत तर त्या बाजूच्या मंडळीतील कोणी तुमच्याबरोबर धुळ्याला येऊ शकेल का, हे मी स्वतः विचारून ठेवतो.